फॉरमॅट न मारता विंडोज पुन्हा बसवण्याची रीत

स्टार्ट मेनू उघडेनासा झाला, अपडेट दर वेळी अर्ध्यावर जाऊन परत फिरू लागले, एखादा निळा पडदा आठवड्यातून दोनदा दिसू लागला, की दुरुस्तीच्या दुकानात बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकायला मिळते: "फॉरमॅट मारावा लागेल." हे सांगणाऱ्याचे काम त्यामुळे सोपे होते, कारण कोऱ्या डिस्कवर नवे विंडोज तासाभरात बसते, परंतु ज्याचा संगणक आहे त्याचे खरे काम तिथून पुढे सुरू होते. प्रिंटरचा ड्रायव्हर, टॅलीचे लायसन्स, डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचे सॉफ्टवेअर, जुने मराठी फॉन्ट, ईमेलची खाती हे सगळे एकेक करून परत उभे करण्यात दिवसच्या दिवस जातात, आणि त्यातली एखादी गोष्ट अशी निघते की तिची सीडी आता कोणाकडेच नसते.

लहान कार्यालयांचे आणि छपाईच्या कामाचे संगणक मी अनेक वर्षे सांभाळत आलो आहे, आणि त्या अनुभवावरून माझे ठाम मत असे आहे की विंडोज सुरू होऊन डेस्कटॉप दिसत असेल तोवर फॉरमॅटची गरज क्वचितच पडते. चालू विंडोजवरच नवे विंडोज बसवता येते, आणि त्यात प्रोग्राम, फायली आणि बहुतेक सेटिंग्ज जागच्या जागी राहतात. या पद्धतीला 'इन-प्लेस अपग्रेड' किंवा 'रिपेअर इन्स्टॉल' म्हणतात. तिची एक अट मात्र आहे, आणि ती नीट समजून घेतली पाहिजे: ही वाट विंडोजच्या आतूनच जाते. संगणक डेस्कटॉपपर्यंत पोहोचेनासा झाला की ती बंद होते. म्हणून दुखणे वाढेपर्यंत वाट न पाहता, संगणक अजून कसाबसा चालत असतानाच हे काम करून घ्यावे.

तीन मार्ग आणि त्यांतला फरक

गोंधळ होतो तो नावांमुळे, कारण 'विंडोज पुन्हा टाकणे' या एकाच शब्दप्रयोगात तीन वेगळ्या गोष्टी येतात.

पहिली म्हणजे सेटिंग्जमधले 'रीसेट धिस पीसी'. त्यात 'कीप माय फाइल्स' असा पर्याय दिसतो आणि तो वाचून माणूस निर्धास्त होतो. पण तिथे राहतात त्या फक्त वैयक्तिक फायली. आपण बसवलेले सगळे प्रोग्राम काढून टाकले जातात, आणि काम संपल्यावर काढलेल्या प्रोग्रामांची यादी तेवढी डेस्कटॉपवर ठेवली जाते. दुसरी म्हणजे पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून विंडोज बसवणे. या मार्गाने प्रोग्राम राखता येत नाहीत. तिथे 'अपग्रेड' निवडले तरी सेटअप सांगतो की आधी विंडोज सुरू करा आणि मग आतून मला चालवा. तिसरी म्हणजे आपली पद्धत: डेस्कटॉपवर असताना, विंडोजच्या आयएसओ फायलीतला (म्हणजे विंडोजची संपूर्ण सीडी एकाच फायलीत बांधलेली असते तिच्यातला) 'सेटअप' हा प्रोग्राम चालवणे.

प्रोग्राम केवळ तिसऱ्याच मार्गाने का टिकतात, याचे कारण प्रोग्राम म्हणजे फक्त 'प्रोग्राम फाइल्स' मधला फोल्डर नव्हे. त्याच्या नोंदी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, असतात, त्याच्या सेवा विंडोजबरोबर सुरू होतात, त्याच्या काही फायली 'प्रोग्राम डेटा' आणि 'ॲप डेटा' या लपवलेल्या फोल्डरांत असतात. म्हणूनच नुसता फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून नव्या विंडोजमध्ये परत ठेवला, तर बहुतेक प्रोग्राम चालत नाहीत. इन-प्लेस अपग्रेडमध्ये सेटअप जुन्या विंडोजशेजारी नवे विंडोज मांडतो, जुन्या रजिस्ट्रीतल्या नोंदी, ड्रायव्हर आणि वापरकर्त्यांची खाती नव्यात नेतो, आणि जुने विंडोज 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरात सरकवतो. सिस्टीमच्या फायली सगळ्या नव्या कोऱ्या येतात, आणि आपले बिऱ्हाड तसेच राहते.

आधी डिस्क तपासावी

विंडोज बिघडले आहे की डिस्क मरायला टेकली आहे, हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नये. दोन्हींची लक्षणे बाहेरून सारखीच दिसतात. फाइल उघडताना संगणक मिनिटभर गोठतो, जुन्या हार्ड डिस्कमधून ठरावीक अंतराने टक्-टक् आवाज येतो, कॉपी करताना मधेच वाचता येत नसल्याचा संदेश येतो, ही डिस्कच्या दुखण्याची चिन्हे आहेत. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेल्या नोंदी दाखवते. तिथे 'गुड' ऐवजी 'कॉशन' किंवा 'बॅड' दिसले तर विंडोज बसवण्याचा विचार सोडून द्यावा आणि आधी सगळ्या फायली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. इन्स्टॉलेशन म्हणजे डिस्कवर कित्येक जीबी लिहिणे आणि वाचणे. दुखऱ्या डिस्कला तेवढा ताण पुरेसा होतो.

डिस्क ठीक असेल तर एक छोटा उपाय आधी करून पाहण्यासारखा आहे. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'एसएफसी', मग एक जागा सोडून स्लॅश आणि 'स्कॅननाऊ' हा आदेश दिला की विंडोज स्वतःच्या फायली तपासते आणि बिघडलेल्या बदलते. काही वेळा एवढ्यानेच भागते. भागले नाही, किंवा 'काही फायली दुरुस्त करता आल्या नाहीत' असे उत्तर आले, तर पुढचे सगळे वाचावे.

बॅकअप, आणि त्यात हमखास राहून जाणाऱ्या गोष्टी

या पद्धतीत फायली राहतात, हे खरे. तरीही बॅकअपशिवाय सेटअप चालवू नये, असे मी प्रत्येकाला सांगतो. कारण मधेच वीज गेली, डिस्कने दगा दिला किंवा चुकीच्या पर्यायावर क्लिक झाले, तर हाताशी दुसरी प्रत हवी. खरा प्रश्न बॅकअप घ्यायचा की नाही हा नसून कशाचा घ्यायचा हा आहे.

मी जवळून पाहिलेले एक उदाहरण सांगतो. एका कार्यालयाचा संगणक फॉरमॅटला देण्याआधी तिथल्या बाईंनी डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे दोन्ही फोल्डर काळजीपूर्वक पेनड्राइव्हवर घेतले होते. संगणक परत आला, टॅली बसवली गेली, आणि उघडल्यावर कंपन्यांची यादी रिकामी निघाली. त्यांचा हिशेबाचा डेटा डॉक्युमेंट्समध्ये नव्हताच. तो सी ड्राइव्हवर 'यूझर्स' च्या आत 'पब्लिक' या फोल्डरात होता, आणि तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तीन महिन्यांपूर्वीची एक प्रत सुदैवाने लेखापालांकडे होती, म्हणून फक्त मधल्या तीन महिन्यांच्या नोंदी पावत्या समोर घेऊन पुन्हा कराव्या लागल्या. तेव्हापासून मी टॅली असलेल्या प्रत्येक संगणकावर आधी प्रोग्राम उघडून त्यात डेटाचा मार्ग कोणता लिहिला आहे तो कागदावर उतरवून घेतो. त्या फोल्डरात १०००० किंवा १००००० यांसारख्या आकड्यांच्या नावाचे उपफोल्डर दिसतात. त्यांतला प्रत्येक फोल्डर म्हणजे एक कंपनी. तो संपूर्ण फोल्डर उचलावा, आणि शिवाय टॅलीतल्याच बॅकअपच्या सोयीने एक प्रत वेगळी काढावी.

छपाईचे आणि डीटीपीचे काम जिथे चालते तिथे फॉन्टचा विचार आधी करावा. श्रीलिपी, आकृती यांसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत बांधलेली लग्नपत्रिका, स्मरणिका किंवा पुस्तक तो फॉन्ट नसेल तर निरर्थक अक्षरांचा ढीग दिसते. हे फॉन्ट इन-प्लेस अपग्रेडमध्ये सहसा टिकतात. तरी विंडोज फोल्डरातला 'फॉन्ट्स' हा फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन ठेवावा, त्याला पाच मिनिटे लागतात. अशा सॉफ्टवेअरबरोबर यूएसबीला लावायची डोंगल, म्हणजे जी लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ती लायसन्सची छोटी किल्ली, असेल, तर तिच्या ड्रायव्हरची फाइलही शोधून ठेवावी, कारण जुन्या डोंगलचे ड्रायव्हर नव्या विंडोजशी भांडतात.

आउटलुकमध्ये ईमेल असतील तर ते जिच्यात साठतात ती पीएसटी फाइल शोधावी. ती बहुधा डॉक्युमेंट्सच्या आत 'आउटलुक फाइल्स' मध्ये असते. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड ब्राउझरच्या सेटिंग्जमधून निर्यात करून घ्यावेत, कारण ते त्या विंडोज खात्याशी कुलूपबंद असतात आणि नुसता फोल्डर कॉपी करून दुसरीकडे उघडत नाहीत. निर्यात केलेली फाइल साध्या अक्षरांत असते, तेव्हा काम झाल्यावर ती पुसून टाकावी. वनड्राइव्ह वापरत असाल तर फायलींच्या शेजारची चिन्हे पाहावीत: जिथे ढगाचे चिन्ह आहे ती फाइल डिस्कवर नाही, तिचे फक्त नाव आहे.

बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यावा आणि घेतल्यावर त्यातल्या दोन-चार फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर ठेवलेली प्रत फॉरमॅटपासून वाचवील, पण डिस्कच गेली तर दोन्ही ड्राइव्ह एकदमच जातील.

बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली

हा मुद्दा वेगळा काढून लिहितो, कारण त्याने झालेले नुकसान भरून निघत नाही. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत विंडोजच्या बिटलॉकर या सोयीने डिस्क आपोआप कुलूपबंद होते, म्हणजे तिच्यावरचा मजकूर किल्लीशिवाय वाचता येत नाही. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या नव्या विंडोज ११ मध्ये तर मालकाला कल्पनाही नसते. इन्स्टॉलेशनच्या मध्ये काही बिघडले की निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते, आणि ती नसेल तर डिस्कवरचा मजकूर कोणालाच वाचता येत नाही.

म्हणून सुरुवात करण्याआधी सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' खाली 'डिव्हाइस एन्क्रिप्शन', किंवा प्रो आवृत्तीत कंट्रोल पॅनेलमधले 'बिटलॉकर' उघडून पाहावे. ते चालू असेल तर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात लॉगिन करून, त्या संगणकाच्या नावासमोरची किल्ली कागदावर लिहून घ्यावी. मोबाइलमध्ये फोटो काढलात तरी चालेल. फक्त ती त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर ठेवू नये.

काय काय जुळले पाहिजे

प्रोग्राम राखायचे असतील तर चालू विंडोज आणि आणलेले विंडोज यांत चार गोष्टींचा मेळ लागतो. आवृत्ती, म्हणजे होम की प्रो, तीच हवी. ३२ बिट की ६४ बिट हेही तेच हवे. ३२ बिटच्या विंडोज १० वरून ६४ बिटवर जाताना प्रोग्राम राहत नाहीत. आयएसओतले विंडोज चालू विंडोजच्या बरोबरीचे किंवा त्याहून नवे हवे, जुने चालत नाही. आणि भाषा तीच हवी.

पहिल्या तीन गोष्टी सहज कळतात. विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबून आलेल्या चौकटीत 'विनव्हर' टाइप करावे, म्हणजे डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर ही सहा अक्षरे सलग. त्यात व्हर्जनचा क्रमांक आणि बिल्ड दिसतो. बाकीचे सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम' खाली 'अबाउट' मध्ये लिहिलेले असते.

भाषेत मात्र फसगत होते. मायक्रोसॉफ्ट 'इंग्लिश युनायटेड स्टेट्स' आणि 'इंग्लिश इंटरनॅशनल' अशी दोन वेगळी विंडोज देते, आणि दोन्ही पडद्यावर जवळजवळ सारखीच दिसतात. आपल्याकडचा कीबोर्ड किंवा मराठी भाषा पॅक याचा इथे संबंध नाही. विंडोज मुळात कोणत्या भाषेत बसवले गेले हे महत्त्वाचे. ते पाहण्यासाठी ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'डिस्म' म्हणजे डी, आय, एस, एम, मग जागा सोडून स्लॅश 'ऑनलाइन', पुन्हा जागा सोडून स्लॅश 'गेट-इंटल' असा आदेश द्यावा. त्यातला 'इंटल' आय, एन, टी, एल असा लिहावा. उत्तरात 'डिफॉल्ट सिस्टीम यूआय लँग्वेज' या ओळीपुढे 'ईएन-यूएस' असेल तर युनायटेड स्टेट्स, 'ईएन-जीबी' असेल तर इंटरनॅशनल. पाच जीबीहून मोठी फाइल उतरवून झाल्यावर चूक कळण्यापेक्षा आधीची ही दोन मिनिटे बरी.

विंडोज ११ मधली सोपी वाट

विंडोज ११ असेल तर आयएसओ न आणताही हे काम होऊ शकते. सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम', त्यात 'रिकव्हरी', आणि तिथे 'फिक्स प्रॉब्लेम्स यूझिंग विंडोज अपडेट' या ओळीसमोर 'रीइन्स्टॉल नाऊ' असे बटण असते. ते दाबले की तीच आवृत्ती इंटरनेटवरून उतरते आणि प्रोग्राम, फायली, सेटिंग्ज राखून बसते. भाषा-आवृत्ती जुळवण्याची भानगड त्यात राहत नाही. माझ्या मते विंडोज ११ वर आधी हेच करावे. मात्र ज्याचे अपडेटच बिघडले आहे अशा संगणकावर हे बटण अनेकदा निरुपयोगी ठरते, आणि कार्यालयाच्या व्यवस्थापनाखालच्या संगणकावर ते बंदही असू शकते. मग आयएसओला पर्याय नाही.

आयएसओ फक्त मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून घ्यावी. कोणीतरी दिलेल्या पेनड्राइव्हवरची, किंवा टेलिग्रामवर फिरणारी 'आधीच ॲक्टिव्हेट केलेली' फाइल आपल्या हिशेबाच्या संगणकात घालणे म्हणजे घराची किल्ली अनोळखी माणसाच्या हाती देणे होय. विंडोज ११ ची आयएसओ तिथे थेट मिळते. विंडोज १० साठी 'मीडिया क्रिएशन टूल' उतरवून त्यात 'क्रिएट इन्स्टॉलेशन मीडिया' आणि मग 'आयएसओ फाइल' निवडावे लागते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हे ध्यानात असू द्यावे. संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत असेल, म्हणजे टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची चिप) आणि मान्य यादीतला प्रोसेसर असेल, तर याच पद्धतीने, प्रोग्राम राखून, थेट ११ वर जाता येते आणि एका दगडात दोन पक्षी मारले जातात.

प्रत्यक्ष काम

आदल्या दिवशी सी ड्राइव्हवर किमान ३० जीबी जागा मोकळी करावी. कमी जागेतही सेटअप सुरू होतो, पण मधेच अडकण्याचा धोका घेण्यात अर्थ नाही. बाहेरून आणून बसवलेला अँटीव्हायरस असेल तर तो नुसता थांबवू नये, अनइन्स्टॉल करावा. तेवढ्या काळापुरते विंडोजचे स्वतःचे डिफेंडर आपोआप काम हाती घेते. अँटीव्हायरसची लायसन्स की मात्र आधी लिहून ठेवावी. प्रिंटर, स्कॅनर, टोकन, डोंगल, बॅकअपची डिस्क सगळे काढून ठेवावे. कीबोर्ड आणि माउस पुरेत. लॅपटॉप चार्जरला लावावा. डेस्कटॉप असेल आणि यूपीएस नसेल, तर ज्या दिवशी महावितरणची वीज जाण्याची शक्यता आहे तो दिवस टाळावा.

आयएसओ फायलीवर दोनदा क्लिक केले की ती नव्या ड्राइव्हसारखी उघडते. पेनड्राइव्ह बनवण्याची गरज नाही. त्यातला 'सेटअप' चालवावा. पहिल्याच पडद्यावर 'चेंज हाउ सेटअप डाउनलोड्स अपडेट्स' अशी बारीक अक्षरांतली ओळ असते. तिच्यावर क्लिक करून 'नॉट राइट नाऊ' निवडावे. अपडेट नंतरही घेता येतात, आणि आत्ता ते टाळल्याने वेळही वाचतो आणि अडचणीची एक जागाही कमी होते.

यानंतर अटी मान्य केल्या की सेटअप काही मिनिटे तपासणी करतो आणि 'रेडी टू इन्स्टॉल' असा पडदा येतो. या पडद्यावर हात थांबवावा. इथे दोन ओळी आणि त्यांच्यापुढे बरोबरच्या खुणा असतात: एकीत कोणते विंडोज बसणार ते, आणि दुसरीत 'कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स'. ही दुसरी ओळ अक्षरशः अशीच असली पाहिजे. 'ॲप्स' हा शब्द नसेल आणि फक्त 'कीप पर्सनल फाइल्स' असेल, किंवा 'नथिंग' असेल, तर पुढे जाऊ नये. खालच्या 'चेंज व्हॉट टू कीप' वर क्लिक करून पहिला पर्याय निवडता येतो का ते पाहावे. तो फिकट असेल, निवडताच येत नसेल, तर वर सांगितलेल्या चार गोष्टींपैकी काहीतरी जुळलेले नाही, आणि दहांतल्या आठ वेळा ती भाषा असते, असा माझा अनुभव आहे. अशा वेळी सेटअप बंद करावा. 'इन्स्टॉल' दाबेपर्यंत काहीही बदललेले नसते, त्यामुळे माघार घेण्यात काही नुकसान नाही.

'इन्स्टॉल' दाबल्यावर करण्यासारखे काही उरत नाही. संगणक तीन-चार वेळा बंद होऊन सुरू होतो. एसएसडी असेल तर साधारण तास-दीड तास लागतो. जुन्या हार्ड डिस्कवर अर्धा दिवसही जातो. टक्क्यांचा आकडा एका जागी बराच वेळ थांबतो, आणि नेमके तेव्हाच माणसे घाबरून बटण दाबून धरतात. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तोवर तसे करू नये.

पूर्ण झाल्यावर

लॉगिन झाल्यावर लगेच कामाला न लागता एक फेरी मारावी. सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन पाहावे. संगणकाचा मदरबोर्ड तोच असल्याने खऱ्या लायसन्सचे विंडोज स्वतःच ॲक्टिव्हेट राहते. विंडोज अपडेट चालवावे, अँटीव्हायरस परत बसवावा, मग एकेक उपकरण लावत जावे. टॅली उघडून शेवटची नोंद पाहावी, डिजिटल सिग्नेचरचे टोकन लावून प्रमाणपत्र दिसते का ते पाहावे, जुन्या फॉन्टातली एखादी फाइल उघडावी, मराठी कीबोर्ड इनस्क्रिप्ट आहे की फोनेटिक ते तपासावे. जुने रिस्टोअर पॉइंट, म्हणजे विंडोज मागच्या स्थितीला नेण्यासाठी साठवलेल्या नोंदी, या कामात जातात, तेव्हा सिस्टीम प्रोटेक्शन चालू आहे याची खात्री करून एक नवा पॉइंट तयार करावा.

काही महत्त्वाचे चालत नसल्याचे आढळले तर सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत 'गो बॅक' असते. ते १० दिवस चालते आणि जुने विंडोज जसेच्या तसे परत आणते. त्या मुदतीत 'विंडोज डॉट ओल्ड' हा फोल्डर जागा खातो म्हणून पुसू नये. महिनाअखेरचे किंवा जीएसटी विवरणपत्राचे काम त्या १० दिवसांत एकदा होऊन गेले की सगळे ठीक आहे असे मानायला हरकत नाही.

सेटअप मागे फिरला तर

कधी कधी सेटअप अर्ध्यावर जाऊन सगळे पूर्ववत करतो आणि एक सांकेतिक आकडा दाखवतो. तो टिपून ठेवावा. शून्य एक्स सी १९००१०१ पासून सुरू होणारा आकडा बहुधा ड्रायव्हरकडे बोट दाखवतो: जुना प्रिंटर, डोंगल, ग्राफिक्स कार्ड यांचे ड्रायव्हर काढून पुन्हा प्रयत्न करावा. शून्य एक्स सी १९००२०८ म्हणजे एखादा प्रोग्राम आड येतो आहे. शून्य एक्स ८००७००७० म्हणजे जागा कमी पडली. आकड्यावरून काही कळत नसेल तर मायक्रोसॉफ्टचे 'सेटअपडायग' हे मोफत साधन सेटअपच्या नोंदी वाचून कारण सांगते. मागे फिरलेल्या सेटअपने सहसा काही हरवत नाही, तेव्हा दुसऱ्या प्रयत्नाला भिऊ नये.

डेस्कटॉपच दिसत नसेल तर

सेफ मोडमधून, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरांवर सुरू केलेल्या विंडोजमधून, हा सेटअप चालत नाही, म्हणून आधी साधे विंडोज कसेही करून सुरू करण्याचा प्रयत्न करावा. सुरू होण्याचा प्रयत्न लागोपाठ फसला की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा निळा पडदा दाखवते. त्यात 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये 'स्टार्टअप रिपेअर', 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आणि 'सिस्टीम रिस्टोअर' असतात. अपडेटनंतर लगेच बंद पडलेला संगणक शेवटचे अपडेट काढल्यावर अनेकदा उठतो. उठला की त्याच दिवशी बॅकअप घेऊन वरचे काम करावे.

यातले काहीच चालले नाही तर प्रोग्राम वाचवण्याची आशा सोडावी आणि सगळे लक्ष फायलींकडे द्यावे. त्याच पडद्यावरच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नोटपॅड' टाइप केले की नोटपॅड उघडते. त्यात 'फाइल' मधून 'ओपन' घेऊन खाली 'ऑल फाइल्स' निवडले, की त्या छोट्या खिडकीतून फोल्डरवर उजवे क्लिक करून 'कॉपी' आणि बाहेरच्या डिस्कवर 'पेस्ट' करता येते. पुढे सरकणारी पट्टी दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते, पण कॉपी चालू असते. तिथे ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात, म्हणून 'सी' न शोधता 'यूझर्स' हा फोल्डर ज्यात आहे तो ड्राइव्ह शोधावा. फायली खूप असतील तर लिनक्स मिंट किंवा उबुंटूच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून कॉपी करणे जास्त सोयीचे पडते. बिटलॉकर असेल तर दोन्हीकडे ती ४८ अंकी किल्ली लागते.

कॉपी केलेले दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्यानंतरच पेनड्राइव्हवरून नवे विंडोज बसवायला घ्यावे. हे काम दुकानात देणार असाल तर पावतीवर लिहून घ्यावे की कोणता ड्राइव्ह पुसायचा आहे आणि कोणता नाही, आणि बॅकअपची डिस्क त्यांच्याकडे न देता घरीच ठेवावी.